टॅबलेटवर ऑडिओ इंटरफेस नीट चालत नाही? दुसरा विकत घ्यायच्या आधी हे या क्रमाने तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातली भजनी मंडळं, हार्मोनियम-तबल्याचे क्लास, घरच्या घरी अभंग आणि कन्नड भक्तिगीतं दोन्ही रेकॉर्ड करणारे गायक आता लॅपटॉपऐवजी टॅबलेट वापरू लागलेत. टॅबलेट, दोन चॅनेलचा एक ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज यूएसबीतून टॅबलेटला पोहोचवणारी छोटी पेटी) आणि एक-दोन माइक एवढ्यावर काम भागतं. तक्रारीही ठरावीकच येतात आणि शेवट बहुधा एकाच वाक्यावर होतो: "इंटरफेस खराब निघाला, दुसरा कुठला घेऊ?"

घाई करू नका. बहुतेक वेळा दोष विजेत, केबलमध्ये नाहीतर ॲपच्या सेटिंगमध्ये असतो. तो तसाच ठेवून दुप्पट किमतीचा इंटरफेस आणला, तर तोही तसाच वागतो. म्हणून आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग काही शे रुपयांच्या आणि अगदी शेवटी नवं यंत्र. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल आणि चार्जर एकदम बदलले आणि आवाज सुधारला, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आधी लक्षण ओळखा

इंटरफेसचा दिवा लागतो, पण टॅबलेटला तो दिसतच नाही. किंवा दिवा लागून विझतो, पुन्हा लागतो. किंवा जोडलेल्या यंत्राला जास्त वीज लागते, म्हणून ते वापरता येणार नाही, असा संदेश येतो. ही तिन्ही लक्षणं वीज, केबल किंवा अडॅप्टरकडे बोट दाखवतात.

रेकॉर्डिंग होतं, पण आवाज लांबून आल्यासारखा, खोलीसकट येतो. इथे ॲप टॅबलेटच्या स्वतःच्या माइकवरून रेकॉर्ड करत असतं. खात्री करायला रेकॉर्डिंग चालू ठेवून टॅबलेटच्या कडेवर नखाने टकटक करा, मग माइकच्या जाळीवर. टॅबलेटवरची टकटक मोठी आली, तर इंटरफेस वापरातच नाही.

सुरुवातीला सगळं ठीक असतं, पण काही मिनिटांनी किंवा लाइट गेल्याच्या क्षणी इंटरफेस सुटतो. ४८ व्होल्टचं (कंडेन्सर माइकला वीज देणारं) बटण दाबताच सुटत असेल, तर ते फार बोलकं लक्षण आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

हमिंग येतं. ते कसलं आहे हे कानाने ओळखता येतं. आपल्याकडची लाइट ५० हर्ट्झची. त्यामुळे तिचं हमिंग ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येतं, म्हणजे खालच्या सप्तकांतल्या पांढरी पाचच्या जवळ, किंचित चढं. हार्मोनियमवर खर्जाची पांढरी पाच दाबून पाहा. सूर जवळपास जुळला तर दोष अर्थिंगचा किंवा जोडणीचा. सूर न लागता बारीक शिट्टी किंवा चिरचिर येत असेल, तर चार्जर किंवा हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या यंत्रावर) संशय घ्या.

याशिवाय तडतड-टिकटिक, आवाज एकाच कानात येणं, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून येणं, आणि रेकॉर्ड केलेलं गाणं वेगळ्याच पट्टीत वाजणं. ही चारही त्रासदायक खरी, पण बहुतेक वेळा सेटिंगमध्येच सुटतात.

तपासणी पहिली: टॅबलेटवर आणखी काय जोडलंय

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. ब्लूटूथ बंद करा. ब्लूटूथ इअरफोन जोडलेला असेल, तर आवाजाची वाट तिकडे वळते आणि आवाज मागाहून येतो तो वेगळाच. रेकॉर्डिंगसाठी तारेचाच हेडफोन लागतो आणि तोही इंटरफेसच्या हेडफोन जॅकमध्ये.

हब वापरत असाल तर त्याला एचडीएमआयची केबल लावली आहे का पाहा आणि काढा. हबला स्वतःचा ३.५ मिमीचा हेडफोन जॅक असेल, तर तो जॅक म्हणजेच एक छोटं यूएसबी ऑडिओ यंत्र असतं. आयपॅड साधारणपणे एका वेळी एकच यूएसबी ऑडिओ यंत्र धरतो आणि नेमकं हबमधलंच धरून बसला, तर तुमचा इंटरफेस जोडलेला असूनही बाजूला पडतो. असा हब रेकॉर्डिंगसाठी वापरू नका. चार्जिंगची वाट आणि साधे यूएसबी पोर्ट एवढंच असलेला हब पुरतो आणि तो स्वस्तही असतो.

मग ॲपला माइकची परवानगी आहे का पाहा. आयपॅडवर सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात मायक्रोफोन. अँड्रॉइडवर ॲपच्या माहितीत परमिशन्स. पहिल्यांदा ॲप उघडताना घाईत "नको" दाबलं गेलेलं असतं आणि नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. आयपॅडओएस २६ असेल, तर कंट्रोल सेंटरमधून कोणत्या ॲपने कुठला माइक घ्यायचा हेही निवडता येतं. तिथे चुकून टॅबलेटचा माइक निवडलेला नाही ना, ते बघून घ्या.

शेवटी जोडणीचा क्रम. ॲप पूर्ण बंद करा, इंटरफेस काढा, टॅबलेट बंद करून चालू करा, अनलॉक करा, इंटरफेस जोडा, त्याचा दिवा स्थिर होऊ द्या आणि मगच ॲप उघडा. बरीच ॲपं यंत्राची यादी उघडतानाच वाचतात. टॅबलेट बराच वेळ लॉक असेल, तर आयपॅड सुरक्षिततेसाठी नव्या यंत्राशी बोलतच नाही. म्हणून अनलॉक आधी, जोडणी नंतर.

तपासणी दुसरी: ॲपमधल्या चार जागा

इनपुट चॅनेल. माइक इंटरफेसच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये आणि ॲप ऐकतंय पहिलं, हा प्रकार फार. आयपॅडवरच्या गॅरेजबँड ॲपच्या ऑडिओ रेकॉर्डरमध्ये इनपुट सेटिंग्ज उघडून चॅनेल १ किंवा २ निवडा. एका माइकचा ट्रॅक नेहमी मोनो ठेवा. स्टिरिओ ठेवला, तर पहिलं सॉकेट डाव्या कानात आणि दुसरं उजव्या कानात जातं. "एकाच कानात आवाज येतो" ही तक्रार इथेच संपते.

गॅरेजबँडमध्ये रेकॉर्डिंग ठरावीक जागी आपोआप थांबत असेल, तर ते बिघाड नाही. त्यात सुरुवातीचा सेक्शन आठ बारचा असतो. वरच्या पट्टीच्या उजव्या टोकाच्या अधिक चिन्हावर टॅप करा, सेक्शन ए उघडा, ऑटोमॅटिक चालू करा. अभंगाचं पहिलं कडवं संपायच्या आत रेकॉर्डिंग थांबतं म्हणून इंटरफेस परत करणारे आहेत, त्यामुळे हे मुद्दाम लिहिलं.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा. इंटरफेस आणि ॲप दोन्हीकडे एकच आकडा हवा. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड झालेलं ४४.१ वर वाजलं, तर सूर सुमारे दीड पट्टी उतरतो आणि लयही आठ टक्क्यांनी मंदावते. काळी दोनमध्ये गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी ऐकू येतं. नंतर हार्मोनियम भरायला बसलात की ते कुठल्याच पट्टीत बसत नाही. गॅरेजबँड ४४.१ वर काम करतं, बहुतेक अँड्रॉइड टॅबलेट ४८ वर. व्हिडिओसाठी असेल तर ४८ ठरवा, आणि गाणं अर्ध्यावर असताना आकडा बदलू नका.

चौथी जागा बफर, म्हणजे ॲप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा साठवून पुढे पाठवतं ते. क्युबेसिससारख्या ॲपमध्ये तो बदलता येतो. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, १०२४ म्हणजे २३. हा एका बाजूचा हिशेब. आवाज आत जाऊन परत बाहेर येईपर्यंत तो किमान दुप्पट होतो. बफर लहान ठेवला तर उशीर कमी होतो, पण टॅबलेट दमला की टिकटिक येते. रेकॉर्ड करताना २५६, मिक्स करताना १०२४, आणि बाकीची सगळी ॲपं बंद. जुन्या टॅबलेटवर रिव्हर्ब रेकॉर्डिंगनंतर लावा. गाताना स्वतःचा आवाज विनाउशीर हवा असेल, तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर बटण चालू करा आणि ॲपमधलं मॉनिटर बंद करा. दोन्ही चालू राहिले तर आवाज दुहेरी येतो आणि ऐकणाऱ्याला तो एको वाटतो.

तपासणी तिसरी: इंटरफेसवरची बटणं

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात, साध्या डायनॅमिक माइकला लागत नाहीत. कंडेन्सर गप्प असेल तर आधी हे बटण पाहा. मंडळाच्या मिक्सरमधून एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलने आवाज घेत असाल तर ४८ व्होल्ट बंदच ठेवा. ती वीज मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलटी शिरते.

इन्स्ट्रुमेंट बटण फक्त गिटारसारख्या वाद्याच्या पिकअपसाठी. कीबोर्ड, मिक्सर, इलेक्ट्रॉनिक तानपुरा लाइनवर. हे उलटं झालं तर आवाज एकतर फाटतो नाहीतर अगदी बारीक येतो.

गेन (इंटरफेसने माइकचा आवाज किती वाढवायचा ते) ठरवताना नेहमीसारखं गाऊन ठरवू नका. सर्वात जोराची तिहाई किंवा टिपेचा सूर घ्या आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतकाच गेन द्या. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये थोडा कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला परत मिळत नाही. पखवाज आणि टाळ एकाच माइकवर घ्यायची वेळ आली, तर गेन टाळावरून ठरवा आणि टाळकऱ्यांना माइकपासून दीड-दोन मीटर मागे बसवा.

डायनॅमिक माइकचा आवाज मुळातच बारीक असतो. त्याला पन्नास-साठ डेसिबल गेन लागतो. बटण पूर्ण फिरवूनही आवाज कमी येत असेल, तर माइक तोंडाजवळ चार बोटांवर आणा. इंटरफेस बदलायचा विचार त्यानंतर करा.

तपासणी चौथी: केबल

इथून थोडे पैसे लागतात, पण शंकेखोरपणा सर्वात जास्त इथेच कामाला येतो.

यूएसबी केबल. पुष्कळ स्वस्त चार्जिंग केबलींत डेटाच्या तारा नसतातच. इंटरफेसचा दिवा लागतो, पण टॅबलेटला काही कळत नाही. तीच केबल लावून फोन लॅपटॉपला जोडा. फोनमधले फोटो दिसले तर डेटाच्या तारा आहेत, नुसतं चार्जिंग झालं तर नाहीत. महागडी यूएसबी ३ केबल घ्यायची गरज नाही. दोन चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला सुमारे २.३ मेगाबिट आणि यूएसबी २ ची क्षमता ४८० मेगाबिट.

डेटाच्या तारा असूनही लांब, बारीक केबल दगा देते. २८ गेजच्या तारेत दोन मीटर केबलवर अर्धा अँपिअर वाहिला तर सुमारे ०.४ व्होल्ट तारेतच जातात. ५ चे ४.६ उरतात, आणि ४८ व्होल्ट चालू केलं की आणखी खाली. केबल एक मीटरची घ्या आणि जाड घ्या. एकाला एक जोडून लांबी वाढवू नका.

माइकची केबल. साउंडवाल्यांकडून आणलेली केबल बऱ्याचदा एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ (जाड, एका पिनेचा) मोनो जॅक अशी असते. ती मिक्सरवर डायनॅमिक माइकला चालते. इंटरफेसवर कंडेन्सर माइकला चालणार नाही, कारण ४८ व्होल्ट फक्त एक्सएलआरच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांवरून जातात. स्वस्त कंडेन्सर माइकबरोबर येणारी एक्सएलआर ते ३.५ मिमी केबलही त्याच कारणाने इथे कामाची नाही. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली केबल लावा.

खरखर केबलची आहे का हे पाहायला गेन चढवून केबल दोन्ही टोकांशी हळूच हलवा. हलवताना तडतड आली तर पिनेवरचा सोल्डरचा डाग सुटलाय. सोल्डर करता येत असेल तर १ नंबरला जाळी, २ ला एक तार आणि ३ ला दुसरी, दोन्ही टोकांना सारखंच. जमत नसेल तर कुठलाही चांगला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला दहा मिनिटांत करून देईल.

तपासणी पाचवी: चार्जर काढा आणि ऐका

हमिंगवर याहून चांगली चाचणी नाही. टॅबलेटचा चार्जर काढा, इंटरफेस बॅटरीवर चालू द्या. हमिंग गेलं? मग इंटरफेस आणि माइक दोन्ही निर्दोष. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, त्यातून थोडी वीज झिरपत राहते आणि ती टॅबलेटमधून इंटरफेसमध्ये येते. उपाय चढत्या खर्चाने: बॅटरीवर रेकॉर्ड करणं, पॉवर बँकेवर चालवणं, तीन पिनांचा अर्थिंगवाला चार्जर घेणं.

चार्जर काढूनही हमिंग राहिलं तर एकेक जोडणी काढत जा. तानपुरा मशीन किंवा कीबोर्ड स्वतःच्या अडॅप्टरवर आणि इंटरफेस दुसऱ्या सॉकेटवर असेल, तर दोन्हींच्या मधे अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि त्यातून हमिंग येतं. तानपुरा बॅटरीवर टाका. कीबोर्डसाठी डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज माइकच्या केबलने नेणारी डबी) लावा आणि त्याचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे अर्थिंगचा हा फेरा तोडणारं, बटण दाबून पाहा. मिक्सरसह सगळी यंत्रं एकाच बोर्डवरून चालवली तरी बराच फरक पडतो. हमिंग जावं म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढणारे आहेत. ते कधीही करू नका. पिन काढल्यावर हमिंग कमी होतं, पण यंत्रात बिघाड होऊन बॉडीला करंट आला तर तो हार्मोनियमवाल्याच्या हातातून किंवा गाणाऱ्याच्या ओठातून जातो.

खोलीतल्या वस्तूही पाहून घ्या. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक पंखा-रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक. पंखा पूर्ण बंद करून ऐका. घर इन्व्हर्टरवर असताना भुंग्यासारखा आवाज वाढत असेल आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल, तर कारण तेच. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका किंवा खोलीबाहेर ठेवा.

तपासणी सहावी: वीज पुरते का

इथे जरा थांबून वाचा. सर्वात जास्त इंटरफेस याच कारणाने नाहक बदलले जातात.

यूएसबी २ पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळणं धरलेलं आहे, यूएसबी ३ कडून ९००. लायटनिंग पोर्टचा जुना आयपॅड अडॅप्टरमधून नुसता जोडला, तर सुमारे १०० मिलिअँपिअरच्या पुढे देत नाही. "जास्त वीज लागते" हा संदेश त्यामुळेच येतो. अशा आयपॅडला साधा कॅमेरा अडॅप्टर पुरत नाही. ज्यात यूएसबीशेजारी लायटनिंगचं दुसरं भोक आहे तो यूएसबी ३ कॅमेरा अडॅप्टर घ्या आणि त्या भोकात १२ वॅट किंवा त्याहून मोठा चार्जर लावा. फोनचा जुना ५ वॅटचा चार्जर इथे कमी पडतो.

यूएसबी-सी असलेले आयपॅड (प्रो २०१८ पासून, एअर २०२० पासून, मिनी २०२१ पासून, साधा आयपॅड २०२२ पासून) दोन चॅनेलचा इंटरफेस सहसा स्वतःच चालवतात. बॅटरी मात्र भराभर उतरते. चार्जिंग ७० टक्क्यांच्या खाली असेल तर लांब बैठक सुरू करू नका.

आता ४८ व्होल्टचं गणित. कंडेन्सर माइक साधारण २ ते ५ मिलिअँपिअर घेतो. ते ४८ व्होल्ट इंटरफेस यूएसबीच्या ५ व्होल्टमधूनच वर चढवतो. ५ मिलिअँपिअरचा माइक म्हणजे पाव वॅट. चढवताना होणारी गळती धरली, तर यूएसबीच्या बाजूला साठेक मिलिअँपिअर. दोन माइकांना शंभर-सव्वाशे. आधीच काठावर चाललेली वीज या जादा ओढीने खाली बसते आणि इंटरफेस सुटतो. म्हणून ४८ व्होल्ट दाबताच सुटणारा इंटरफेस खराब नसतो, उपाशी असतो. यूएसबीचा छोटा व्होल्ट-अँपिअर मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो मधे लावून ४८ व्होल्ट चालू असताना वाचा. ४.५ च्या खाली आकडा गेला तर पुरवठा किंवा केबल बदला.

पुढचा प्रकार आपल्या भागात फार दिसतो. चार्जिंगसह चालणारा यूएसबी-सी हब लावलाय, सगळं छान चाललंय, मधेच लाइट जाते. टॅबलेटला बॅटरी आहे, तरी इंटरफेस सुटतो आणि टेक वाया जातो. लाइट आल्यावर पुन्हा तेच. कारण असं की चार्जर लागला किंवा सुटला की हब आणि टॅबलेट कोणी कोणाला वीज द्यायची ते नव्याने ठरवतात आणि बऱ्याच हबमध्ये त्या क्षणी पोर्टांची वीज तुटते. रेकॉर्डिंग चालू नसताना चार्जरचं बटण बंद-चालू करून इंटरफेसच्या दिव्याकडे पाहा. दिवा लुकलुकला तर दोष सापडला.

यावर तीन उपाय. चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, म्हणजे बदल लवकर होतो. किंवा हबला चार्जरऐवजी भरलेली पॉवर बँक लावा. पॉवर बँक त्याच वेळी भिंतीवरून चार्ज करू नका, नाहीतर तोच झटका पुन्हा येतो. हमिंगही याच उपायाने जातं, म्हणून लाइट जाणाऱ्या गावात हाच उपाय पहिला करावा. तिसरा, आणि सर्वात भरवशाचा: ज्याला ५ व्होल्टची वेगळी वाट आहे असा इंटरफेस. त्याला वेगळी पॉवर बँक लावली की टॅबलेट फक्त डेटा पाहतो. काही पॉवर बँका कमी भार असला की आपोआप बंद होतात. अर्धा तास चालवून आधीच खात्री करा.

तपासणी सातवी: अँड्रॉइड असेल तर

यूएसबी ऑडिओ अँड्रॉइड ५.० पासून आहे, पण प्रत्येक टॅबलेटमध्ये तो सारखा चालत नाही. काही कंपन्यांच्या यंत्रांत ओटीजीचं (बाहेरचं यूएसबी यंत्र जोडू देण्याचं) वेगळं बटण असतं आणि वापर नसला की ते दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं. इंटरफेस "काही वेळाने सुटतो" त्याचं कारण कधीकधी एवढंच. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "डिसेबल यूएसबी ऑडिओ राउटिंग" हे बंद असायला हवं. शक्य असेल तर स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेलं रेकॉर्डिंग ॲप वापरून पाहा. एका ॲपमध्ये चालतो आणि दुसऱ्यात नाही, तर इंटरफेस ठीक आहे.

तपासणी आठवी: दमट हवा आणि धूळ

जून ते सप्टेंबर खानापूरकडच्या हवेत कंडेन्सर माइक उघडा ठेवला तर त्याच्या पडद्यावर ओल धरते. तव्यावर काही तळल्यासारखी तडतड येते आणि आवाज कधी येतो कधी जातो. माइक घट्ट झाकणाच्या डब्यात पन्नास-शंभर ग्रॅम सिलिका जेलसह रात्रभर ठेवा. ओलीची तडतड बहुतेक वेळा सकाळपर्यंत जाते. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका, पडदा फार नाजूक असतो.

जॅक आणि सॉकेटसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. यंत्र बंद करून, पिनेवर दोन थेंब टाकून आठ-दहा वेळा आतबाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर वापरू नका. टॅबलेटच्या पोर्टमध्ये कापसासारखी धूळ दबून बसलेली असते आणि केबल पूर्ण आत जात नाही. टॅबलेट बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. धातूची पिन घालायची नाही.

तपासणी नववी: इंटरफेस लॅपटॉपला लावा

ओळखीच्या कोणाचा लॅपटॉप घ्या. विंडोज १० किंवा ११ वर कुठलाही ड्रायव्हर न टाकता इंटरफेस जोडा. तसाच दिसला आणि रेकॉर्ड झाला, तर तो क्लास कंप्लायंट आहे, म्हणजे टॅबलेटवर चालायला हरकत नाही. दोष आधीच्या तपासण्यांतच कुठेतरी राहून गेलाय. ड्रायव्हर टाकल्याशिवाय दिसला नाही, तर टॅबलेटवर तो चालण्याची आशा कमी, कारण टॅबलेटमध्ये कंपनीचा ड्रायव्हर टाकता येत नाही. काही यंत्रांच्या मागे सीसी (क्लास कंप्लायंट) मोडचं बटण असतं, तेवढं पाहून घ्या. लॅपटॉपवर ड्रायव्हरसकटही चालला नाही, तर इंटरफेस खरंच बिघडलाय.

बदलायचाच ठरला तर काय पाहून घ्यायचं

आयपॅडओएस किंवा अँड्रॉइडवर चालतो हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं हवं. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. ५ व्होल्टची वेगळी वाट हवी, जशी स्टाइनबर्ग यूआर२२सी ला आहे. चार चॅनेल हवे असतील तर बेरिंजर यूएमसी४०४एचडीसारखा स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा घ्या.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ४८ व्होल्ट, इन्स्ट्रुमेंट, डायरेक्ट मॉनिटर यांची बटणं यंत्रावरच हवीत. काही इंटरफेस कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरने चालवायचे असतात आणि टॅबलेटवर ते सॉफ्टवेअर नसतं. मग ४८ व्होल्ट चालू करायला दर वेळी लॅपटॉप शोधावा लागतो.

गायन आणि हार्मोनियम यांना दोन इनपुट पुरतात. तबल्याच्या दायाँ-बायाँला वेगळे माइक लावायचे तर चार. १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीला पैसे मोजू नका, ४८ पुष्कळ झालं. तेच पैसे चांगल्या केबलला आणि पॉवर बँकेला द्या. दुकानातून घेत असाल तर स्वतःचा टॅबलेट, स्वतःची केबल आणि कंडेन्सर माइक घेऊन जा. ४८ व्होल्ट चालू करून दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि मगच बिल करा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

माइकला ओठ लागताच किंवा इंटरफेसच्या बॉडीला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवा. मेन स्विच बंद करून प्लग काढा. जुन्या गल्ल्यांतल्या घरांत आणि देवळांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. फेज ते अर्थ व्होल्टेज फेज ते न्यूट्रलइतकंच, सुमारे २३० दाखवायला हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असेल तर त्याच्याकडून कारण शोधून घ्या. हे मोजमाप स्वतः करू नका.

इंटरफेस हात लावता येणार नाही इतका तापतो, जळका वास येतो, आत पाणी गेलंय किंवा लाइट गेल्या-आल्यानंतर पूर्ण मेलाय: उघडू नका, पुन्हा जोडून पाहू नका. शॉर्ट असलेला इंटरफेस टॅबलेटचा पोर्टही घेऊन जातो. टॅबलेटचा पोर्टच सैल झाला असेल आणि केबल एका बाजूला दाबल्यावरच चालत असेल, तर तो मोबाइल दुरुस्तीत अनुभवी माणसाकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या.

वॉरंटी चालू असेल तर झाकणाचे स्क्रू सोडू नका. वितरकाचं सर्व्हिस सेंटर बहुधा मोठ्या शहरात असतं आणि पार्सल जाऊन-येऊन बरेच दिवस जातात. म्हणून पेटीत बिलाच्या प्रतीबरोबर एक कागद घाला: टॅबलेटचं मॉडेल आणि सिस्टिमची आवृत्ती, ॲपचं नाव, कोणता अडॅप्टर किंवा हब, ४८ व्होल्ट चालू असताना मीटरवर आलेले व्होल्ट, आणि लॅपटॉपवर काय झालं. एवढं लिहिलेलं असलं की तिकडचा तंत्रज्ञ नुसता चालू करून "आमच्याकडे ठीक चालतंय" म्हणून परत पाठवत नाही.